मुंगीच्या पावलांनी चालणारं इंजिन: डीसीसी डिकोडर जुळवण्याचा नेमका क्रम

मॉडेल रेल्वेच्या डीसीसी पद्धतीत रुळांतून वीज आणि अंकी आदेश दोन्ही जातात, आणि इंजिनातला डिकोडर ते आदेश वाचून मोटर चालवतो. वेग देणाऱ्या थ्रॉटलची प्रत्येक पायरी म्हणजे स्पीड स्टेप, आणि डिकोडरमध्ये आकड्याने भरायची प्रत्येक सेटिंग म्हणजे सीव्ही. अडचण नेहमीची: पहिल्या स्पीड स्टेपवर मोटर नुसती गुणगुणते, इंजिन जागचं हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेपवर ते गचका देऊन सुटतं. मग सीव्ही २, म्हणजे सुरुवातीचा वेग, वाढवला जातो. तेवढ्याने भागत नाही म्हणून सीव्ही ३ मध्ये (वेग किती सावकाश चढायचा ते तो ठरवतो) मोठा आकडा टाकला जातो. तरीही जमत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचे पाच-सहा सीव्ही जसेच्या तसे उतरवले जातात आणि शेवटी ‘डिकोडरच भंगार निघाला’ असा निकाल लागतो. डिकोडर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चुकलेला असतो तो क्रम. घर्षण, मळ आणि पिकअप (चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) यांचे दोष सीव्हीच्या आकड्यांनी झाकायला गेलं की इंजिन आज चालतं आणि उद्या पुन्हा अडखळतं.

इथले आकडे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या १६.५ मिमी रुळावरच्या चार आसांच्या डिझेल इंजिनासाठी आहेत. डिकोडर ईएसयू या कंपनीचा लोकपायलट ५ किंवा लोकसाउंड ५ धरला आहे. बाकी कंपन्यांच्या सीव्हींचे क्रमांक वेगळे असतात, क्रम मात्र हाच राहतो. त्यांच्याविषयी शेवटी थोडं दिलं आहे.

## किती हळू म्हणजे हळू?

लक्ष्य मोजून ठरवा. एचओमध्ये ताशी १ किमी म्हणजे सेकंदाला ३.२ मिमी. ताशी ५ किमी, म्हणजे शंटिंगला डब्यांशेजारून माणूस चालतो तो वेग, सेकंदाला १६ मिमी होतो. रुळांच्या बहुतेक पट्ट्यांत दोन स्लीपरमधलं अंतर ७ मिमीच्या आसपास असतं. म्हणून पहिल्या स्टेपचं लक्ष्य डोळ्यांनी ओळखता येईल असं ठेवा: सेकंदाला एक स्लीपर. या चालीने एक मीटर जायला सुमारे १४० सेकंद लागतात. पाच आसांचं जुनं इंजिन किंवा स्वस्तातली तीन पोलची मोटर असेल तर सेकंदाला दोन स्लीपर आले तरी समाधान माना. त्यापुढे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

## आधी हे जवळ घ्या

किमान दीड-दोन मीटर सरळ, सपाट रूळ आणि त्यावर बरोबर एक मीटरच्या दोन खुणा. स्टॉपवॉच, स्टीलची फूटपट्टी, मल्टिमीटर. डिकोडर न लावता मोटर फिरवायला साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर. आयसोप्रोपिल अल्कोहोल (लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आयपीए म्हणून मिळतं), टिश्यू पेपर, प्लास्टिकला चालणारं पातळ सिंथेटिक तेल, शिवणाची सुई आणि पांढऱ्या खोडरंगाची (व्हाइटनरची) बाटली. शिवाय एक वही. वही नसेल तर सुरुवातच करू नका. तिसऱ्या बदलानंतर पहिला आकडा कुणालाच आठवत नाही.

## टप्पा १: गचका मोजा

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हा, आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवणाराही हाच.

एका चाकाच्या बाहेरच्या बाजूला खोडरंगाचा बारीक ठिपका द्या. रुळाला लागून फूटपट्टी ठेवा. इंजिन चालेल त्या सर्वांत कमी स्टेपवर सोडा आणि प्रत्येक गचक्याला स्लीपरवर पेन्सिलने खूण करा. दहा-बारा खुणा झाल्या की त्यांच्यातली अंतरं मोजा.

१२ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ ३८ मिमीच्या आसपास येतो. खुणा दर ३८ मिमीवर पडत असतील आणि प्रत्येक वेळी ठिपका त्याच जागी, समजा घड्याळातल्या चारवर येत असेल, तर दोष आसात, चाकात किंवा आसावरच्या गिअरमध्ये आहे. जुन्या मॉडेलांत आसावरचा प्लास्टिक गिअर तडकलेला सापडणं नेहमीचं. याला कुठलाही सीव्ही उपाय नाही.

खुणा फार जवळजवळ, दोन-तीन मिमीवर पडत असतील तर तो मोटरचा फेरा आहे. गिअर १४:१ असेल तर मोटरच्या एका फेऱ्यात इंजिन सुमारे २.७ मिमी पुढे जातं. पोल चुंबकाला अडकून सुटताना असा बारीक थरथराट होतो. हा भाग डिकोडरच्या आवाक्यातला.

गचका रुळाच्या ठरावीक जागीच येत असेल, इंजिन उलटं फिरवून ठेवलं तरी तिथेच येत असेल, तर दोष रुळाचा. अंतरात काहीच मेळ नसेल, दिवा लुकलुकत असेल, आवाजाचा डिकोडर मध्येच नव्याने सुरू होत असेल, तर पिकअप.

पाचवा प्रकार वेगळा दिसतो. इंजिन थांबत नाही, पण झोक्यासारखं हळू-जलद होत राहतं, आणि त्या लयीचा चाकाच्या ठिपक्याशी संबंध नसतो. ही मोटर नियंत्रणाची गडबड. तिच्यासाठी सहावा टप्पा आहे.

खबरदारी: हे निदान डोक्यात पक्कं झाल्याशिवाय एकही सीव्ही बदलू नका.

## टप्पा २: डिकोडर काढा आणि डीसीवर चालवा

सॉकेट असेल तर डिकोडर काढून डमी प्लग (रुळाची वीज थेट मोटरला पोचवणारा) बसवा. वायरी थेट सोल्डर केलेल्या असतील तर मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी, नारिंगी आणि करडी, डिकोडरपासून सोडवा आणि मोटरला थेट पुरवठा द्या.

खबरदारी: डिकोडर जोडलेला असताना मोटरला बाहेरून व्होल्टेज देऊ नका. आउटपुट तिथल्या तिथे जळतो.

दोन्ही दिशांना मध्यम वेगात २०-२० मिनिटं चालवा. ग्रीस सगळीकडे पसरतं आणि कार्बन ब्रश कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) नीट बसतात. नवं इंजिन खोक्यातून काढून लगेच ट्यून केलं की ते आकडे आठवड्याभरात निरुपयोगी होतात, त्याचं कारण हेच.

मग व्होल्टेज शून्यापासून सावकाश वाढवा आणि चाक कधी हलतं ते पाहा. निरोगी मोटर आणि गिअर २ ते ३ व्होल्टला सुटायला हवेत. ४ किंवा जास्त लागत असतील तर कुठेतरी अडकतंय. मल्टिमीटर सीरिजमध्ये लावून करंट पाहा. इंजिन एका वेगाने चालत असताना आकडा जवळपास स्थिर राहिला पाहिजे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वर-खाली होत असेल तर बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा गाडा, उघडा. गिअरच्या दातांत गालिच्याचा धागा, केस किंवा वाळलेलं ग्रीस सापडतं.

तेल देताना कंजुषी हाच गुण. सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब मोटरच्या प्रत्येक बेअरिंगला आणि आसांच्या टोकांना पुरतो. वर्म गिअरला तेल नको, पातळ ग्रीसचा हात द्या. कम्युटेटरवर काहीही नको. तिथे तेल गेलं की ब्रशची भुकटी त्यात मिसळून काळा चिखल होतो आणि इंजिन मंद वेगातच सर्वांत आधी रुसतं. गंज सोडवायचे स्प्रे मॉडेलपासून लांब ठेवा.

याच वेळी आणखी तीन तपासण्या उरकून घ्या.

मोटरची दोन्ही टोकं चाकांपासून आणि चासीपासून पूर्ण वेगळी आहेत ना, हे मल्टिमीटरच्या बीपवर पाहा. बीप वाजला तर डिकोडर बसवू नका.

१२ व्होल्टवर चाकं एखादा सेकंद धरून मोटरचा अडवलेला करंट वाचा. तो डिकोडरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेपेक्षा कमी हवा.

मोटरच्या टोकांवर छोटा चकतीसारखा कॅपॅसिटर दिसतो का बघा. त्यावर बहुधा १०४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे १०० नॅनोफॅरड. रेडिओतली खरखर दाबायला तो लावतात, पण डिकोडर मोटरचं उलट व्होल्टेज मोजू लागला की हाच मोजमाप गढूळ करतो. मंद वेगातल्या न उलगडणाऱ्या हिसक्यांत याचा हात फार वेळा निघतो. मोटरला समांतर असेल तर कापून टाका. सीरिजमधली चोक (तारेची छोटी गुंडाळी) राहिली तरी चालते.

तपासणी: डीसीवर ३ व्होल्टच्या आसपास इंजिन एक मीटर न अडखळता जातं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: रूळ, चाकं, पिकअप

डिकोडरला पुरवठा आणि आदेश दोन्ही त्याच दोन रुळांतून मिळतात. वेगात इंजिनाचा जोर त्याला मळक्या जागेवरून ओढून नेतो. मुंगीच्या चालीत तो जोरच नसतो.

रूळ आयपीएने भिजवलेल्या कापडाने पुसा. कापड काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा. सँडपेपर नको, ओरखड्यांत मळ घट्ट बसतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवेमुळे धूळ रुळाला चिकटून राहते. त्या दिवसांत ट्यूनिंगला बसण्याआधी दर वेळी पुसलेलं बरं.

चाकांसाठी टिश्यू पेपरची पट्टी रुळांवर आडवी घाला आणि आयपीएने ओली करा. एक बोगी पट्टीवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, म्हणजे दुसरीकडून वीज मिळत राहील. इंजिन बोटांनी अलगद धरून मध्यम वेग द्या. पट्टीवरची चाकं जागच्या जागी घसरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उठतात. पट्टी सरकवून कोरी जागा द्या. रेघा उठेनाशा झाल्या की इंजिन फिरवून दुसरी बोगी. रबराचे टायर असलेल्या चाकांना आयपीए फार लावू नका, रबर फुगतं आणि सैल होतं. आयपीए पेट घेतं, म्हणून ओल्या रुळावर ठिणग्या उडू देऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा.

पिकअपच्या तपासणीला साधा कागद पुरतो. पुढच्या बोगीखाली कोरडा कागद सरकवा, आता इंजिन फक्त मागच्या बोगीवर चाललं पाहिजे. मग उलट करा. ज्या बाजूला थांबेल तिथली फॉस्फर ब्राँझची पट्टी चाकाला टेकलेली नाही. चिमट्याने अगदी किंचित वाकवा. जास्त दाबली तर तीच ब्रेकसारखी घासते, आणि दुसऱ्या टप्प्यात घालवलेलं घर्षण परत येतं.

रुळाला पुरवठा पुरेसा आहे का यासाठी नाण्याची चाचणी करा. जागोजागी दोन्ही रुळांवर नाणं आडवं टेकवा. कमांड स्टेशन (रुळाला वीज आणि आदेश पाठवणारा डबा) प्रत्येक ठिकाणी तत्काळ ट्रिप झालं पाहिजे. जिथे होत नाही तिथे फीडर, म्हणजे रुळाला वीज पोचवणारी वायर, कमी पडतेय. लांब फ्लेक्स रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्या. जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नका.

## टप्पा ४: आधी वाचा, लिहा, मग रीसेट करा

डिकोडर परत बसवा आणि इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्या. सीव्ही १, २, ३, ४, ५, २९, तसंच ईएसयूचे ४९ आणि ५१ ते ५६ वाचून वहीत उतरवा. चार आकडी पत्ता असेल तर १७ आणि १८ सुद्धा. जेएमआरआय या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधला डिकोडरप्रो वापरत असाल तर सगळे सीव्ही एकदम वाचून फाइल साठवता येते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि हा त्रास वाचवतं.

वाचताना सतत चूक येत असेल तर लगेच डिकोडरला दोष देऊ नका. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर मोटरला क्षणभर करंट देऊन ‘हो’ म्हणतो, इंजिन किंचित थरथरतं ते त्यामुळे. चाक मळकं असेल किंवा मोठा कॅपॅसिटर जोडलेला असेल तर तो ‘हो’ स्टेशनपर्यंत पोचत नाही. कॅपॅसिटर तात्पुरता सोडवा.

आकडे लिहून झाल्यावर सीव्ही ८ मध्ये ८ लिहा आणि वीज बंद-चालू करा. ईएसयूत हा रीसेट आहे. पत्ता पुन्हा ३ होतो. ‘इंजिन गायब झालं’ ही तक्रार इथूनच येते. कारखान्यातून डिकोडर बसवून आलेल्या इंजिनात बनवणाऱ्याने मोटरसाठी काही आकडे दिलेले असतात. ते वहीत असल्याशिवाय रीसेटला हात लावू नका.

## टप्पा ५: पाया भरा

सीव्ही २९ ही बेरीज आहे. दिशा उलटी असेल तर १, २८/१२८ स्टेपसाठी २, डीसीवर चालू द्यायचं असेल तर ४, रेलकॉमसाठी (डिकोडरने स्टेशनला उलट माहिती पाठवणं) ८, स्पीड टेबलसाठी (प्रत्येक पायरीचा वेग वेगळा ठरवणारा तक्ता) १६, लांब पत्त्यासाठी ३२. लांब पत्ता, १२८ स्टेप आणि रेलकॉम हवं असेल तर ३२ + ८ + २ = ४२. डीसीचे ४ धरू नका. मळक्या जागी सिग्नल तुटला की डिकोडर रुळावर डीसी आहे असं समजू शकतो आणि इंजिन भरधाव सुटतं.

थ्रॉटलवर, म्हणजे कमांड स्टेशनमध्येही, त्या पत्त्यासाठी १२८ स्टेप निवडलेल्या आहेत ना ते पाहा. डिकोडर १२८ वर आणि स्टेशन २८ वर, असं असलं तर प्रत्येक पायरी चारपट मोठी पडते, आणि माणूस गचक्याचं कारण मोटरमध्ये शोधत बसतो.

आता सीव्ही ३ = ०, सीव्ही ४ = ०, सीव्ही २ = १. मोमेंटम, म्हणजे सीव्ही ३ आणि ४ ने वेगाला दिलेली सावकाश चढ-उतार, चालू ठेवून ट्यूनिंग करणं ही सगळ्यांत रुळलेली चूक आहे. मोमेंटम असला की स्टेप बदलल्यावर वेग सावकाश चढतो. इंजिन नेमकं कोणत्या स्टेपला सुटलं आणि हिसका नियंत्रणाचा आहे की मोमेंटमखाली झाकला गेलाय, ते कळतच नाही.

तपासणी: थ्रॉटल ० वरून ३० वर नेल्यावर इंजिन लगेच प्रतिसाद देतं का? देत नसेल तर सीव्ही ३ अजून शून्य झालेला नाही.

## टप्पा ६: मोटर नियंत्रण

डिकोडर मोटरला सेकंदाला अनेक वेळा क्षणभर वीज देणं थांबवतो. त्या क्षणात मोटर स्वतःच्या फिरण्याने थोडं व्होल्टेज तयार करते. हे उलट व्होल्टेज मोजून डिकोडर ठरवतो की मोटर हव्या त्या वेगाने फिरतेय की नाही, आणि कमी-जास्त भरपाई करतो. किती जोरात भरपाई करायची ते के, आणि तफावत साठत गेली तर किती रेटत राहायचं ते आय.

### स्वयंचलित मोजणी

इंजिन सरळ रुळाच्या एका टोकाला ठेवा. पुढे किमान दीड मीटर मोकळं हवं, आणि टोकाला स्पंजचा तुकडा असलेला बरा. दिशा पुढे, थ्रॉटलवरचं एफ१ बटण बंद. मुख्य रुळावर, म्हणजे पीओएममधून (प्रोग्रॅमिंग ऑन मेन), सीव्ही ५४ मध्ये ० लिहा. मग एफ१ दाबा. इंजिन सुमारे दीड सेकंद पूर्ण वेगाने धावतं आणि थांबतं. एवढ्यात डिकोडर मोटर मोजतो आणि सीव्ही ५१ ते ५५ स्वतः भरतो.

खबरदारी: एफ१ दाबताच इंजिन पूर्ण वेगाने सुटतं. टेबलाच्या कडेकडे तोंड करून ठेवू नका.

नंतर सीव्ही ५४ परत वाचा. अजून ० असेल तर मोजणी झालीच नाही. मोजणी इंजिन गरम असताना आणि डबे न जोडता करा. गार ग्रीसवर केलेली मोजणी गार ग्रीसचीच राहते.

### हाताने

पुष्कळ इंजिनं एवढ्यावरच सेकंदाला दोन स्लीपरवर येतात. उरलेलं हाताने करायचं. एका वेळी एकच सीव्ही बदला, प्रत्येक बदलानंतर एक मीटर पुढे आणि एक मीटर मागे चालवा, आणि वहीत लिहा.

फक्त पहिल्या दोन-तीन स्टेपला हिसके असतील आणि मधला वेग छान असेल तर सीव्ही ५२ कडे जा. मंद वेगापुरता के तो. पाच-पाचने कमी करून पाहा. हिसके कमी झाले पण इंजिन चिकटून-सुटून चालायला लागलं तर फार खाली गेलात, अर्ध्यावर परत या.

सगळ्याच वेगांत दातेरी, चरचरीत चाल असेल तर सीव्ही ५४ पाच-पाचने कमी करा. के जास्त झाला की डिकोडर प्रत्येक बारीक चुकीवर झडप घालतो, आणि ती झडप हिसका म्हणून दिसते.

झोक्यासारखं हळू-जलद होत असेल, किंवा थांबायच्या जरा आधी इंजिन उडी मारत असेल, तर सीव्ही ५५. मोठं फ्लायव्हील (दांड्यावरचं जड चाक) असलेल्या मोटरसाठी तो कमी करा, फ्लायव्हील नसलेल्या किंवा छोट्या मोटरसाठी वाढवा. फ्लायव्हील स्वतःच वेग धरून ठेवतं. त्यावर डिकोडरही रेटत राहिला तर दोघांत ओढाताण लागते आणि झोका येतो.

सीव्ही ५३ वरच्या टोकाचा आहे, पण त्याचा परिणाम खालीही जाणवतो. थ्रॉटल तीन चतुर्थांशावर असतानाच इंजिन कमाल वेगाला पोचत असेल आणि पुढे फिरवून काही फरक पडत नसेल तर सीव्ही ५३ पाच-पाचने कमी करा. पूर्ण थ्रॉटललाही मरगळलेलं असेल तर वाढवा.

सीव्ही ५६ मंद वेगात भरपाईचा प्रभाव किती ते ठरवतो. २५५ म्हणजे पूर्ण. एकट्या इंजिनाला तो पूर्णच ठेवा. दोन इंजिनं जोडून चालवायची असतील आणि ती एकमेकांना ढकलत-ओढत असतील, तरच कमी करा.

इथे एक मोह टाळायचा: तीन बदल करून सुधारणा दिसली नाही की चौथा-पाचवा करत सुटायचं. तीन बदलांत काहीच हललं नसेल तर पहिल्या टप्प्यावर परत जा आणि गचक्याचं अंतर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा ते ३८ मिमीच निघतं.

## टप्पा ७: सुरुवातीचा आणि कमाल वेग

आता कुठे सीव्ही २ ची पाळी. पहिल्या स्टेपला इंजिन हलत नसेल तर १ वरून एकेकाने वाढवा. स्टॉपवॉच लावा, मीटरला १४० सेकंदांच्या आसपास आलात की थांबा. चढवत चढवत दहाच्या पुढे जावं लागत असेल तर घर्षण राहिलं आहे. सीव्ही २ ने ते झाकलंत तर इंजिन गार असताना पहिल्या स्टेपला हलणार नाही आणि गरम झाल्यावर तिथूनच उडी मारेल.

शंटिंगच्या इंजिनाचा कमाल वेग कमी करणं हा मंद चालीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. थ्रॉटलच्या सगळ्या पायऱ्या कमी वेगात वाटल्या जातात, म्हणून प्रत्येक पायरी बारीक होते. ताशी ६० किमी कमाल धरा, म्हणजे एचओमध्ये सेकंदाला सुमारे १९१ मिमी आणि एका मीटरला ५.२ सेकंद. पूर्ण थ्रॉटलला मीटरभर धाव घ्या आणि ही वेळ येईपर्यंत सीव्ही ५ कमी करा. मग पहिली स्टेप पुन्हा मोजा, कारण दोन्ही टोकं एकाच रेषेची आहेत.

मधल्या वेगासाठी सीव्ही ६ प्रत्येक डिकोडरात चालत नाही. जिथे चालतो तिथे तो सीव्ही ५ च्या एक तृतीयांश ठेवला तर थ्रॉटलचा पहिला अर्धा भाग मंद वेगाला मिळतो. स्पीड टेबल वापरत असाल तर सीव्ही ६७ ते ९४ ची चढण आधी सपाट, मग तीव्र ठेवा. मध्ये कुठे पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान पडला तर थ्रॉटल वाढवताना इंजिन हळू होतं.

पुढची आणि मागची चाल एकच हवी. दोन्ही दिशांना पाचव्या स्टेपवर मीटर मोजा. फरक मोठा असेल तर आधी ब्रश आणि गिअर पाहा. ज्या डिकोडरांत सीव्ही ६६ (पुढे) आणि ९५ (मागे) चालतात, त्यांत १२८ म्हणजे जसं आहे तसं. मागे दहा टक्के जास्त वेग असेल तर ९५ मध्ये ११६ च्या जवळपास टाकून पाहा.

## टप्पा ८: मोमेंटम, आणि सगळ्यात शेवटी कॅपॅसिटर

सीव्ही ३ आणि ४ आता भरा. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या सूत्रानुसार सीव्हीच्या एका आकड्याला शून्यापासून कमाल वेगापर्यंत सुमारे ०.९ सेकंद मिळतात, पण सगळे उत्पादक तसं मोजत नाहीत. स्टॉपवॉचच लावा. शंटिंगच्या इंजिनाला सुटायला ८ ते १० आणि थांबायला ५ ते ६ सेकंद पुरेसे. सीव्ही ४ फार वाढवला तर डब्यांना टेकायच्या जागी इंजिन त्यांना धडकतं.

पॉवरपॅक किंवा तत्सम, वीज तुटली तरी क्षणभर पुरवठा करणारा कॅपॅसिटर आधीपासून लावलेला असेल तर मळ आणि पिकअपचे दोष लपून राहतात, म्हणून तो शेवटी. लोकसाउंड ५ मध्ये त्याची मुदत सीव्ही ११३ मध्ये असते. एका आकड्याला सुमारे ३३ मिलिसेकंद, म्हणजे १६ ला अर्धा सेकंद. आता हिशेब करा. सेकंदाला १६ मिमी चालणारं इंजिन अर्ध्या सेकंदात ८ मिमी जातं. रूळ बदलायच्या सांध्यातला मृत फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो, वीज नसलेला तुकडा) २५ मिमीचा असेल आणि इंजिनाला एकाच बोगीतून वीज मिळत असेल, तर दीड सेकंद हवा. पण मुदत वाढवत नेली तर वीज तोडल्यावरही इंजिन तेवढा वेळ पुढे सरकत राहतं. फ्रॉगला वीज देता येत असेल तर तो उपाय कॅपॅसिटरपेक्षा केव्हाही सरस.

कॅपॅसिटर स्वतः सोल्डर करत असाल तर रुळाच्या व्होल्टेजला पुरेल असा, २५ व्होल्टचा घ्या आणि ध्रुव दोनदा तपासा. तो डिकोडरच्या सामायिक धन (निळ्या) वायरीला आणि ऋण बिंदूला जोडतात, रुळाकडच्या लाल-काळ्या वायरींना नाही. तिथे जोडला तर तो फुटतो.

## दुसऱ्या कंपनीचा डिकोडर असेल तर

झिमोमध्ये सीव्ही ५६ हेच के आणि आय आहेत: दशकाचा अंक भरपाईचा जोर, एककाचा अंक रेटत राहणं. मूळ ५५ असतो. सीव्ही ९ मध्ये मोजणीची वारंवारता आणि अवधी, सीव्ही ५८ मध्ये भरपाईचा प्रभाव. डिजिट्रॅक्समध्ये ५५, ५६ आणि ५७ ही तिकडी पाहा.

खबरदारी: सीव्ही ५६ चा अर्थ तीन कंपन्यांत तीन निघतो. ईएसयूसाठीचा २५५ झिमोत टाकणं म्हणजे इंजिन बिघडवणं. दुसऱ्याचे आकडे उतरवण्याआधी सीव्ही ८ वाचून उत्पादक कोण ते बघा. ईएसयूचा क्रमांक १५१, झिमोचा १४५, डिजिट्रॅक्सचा १२९.

## उद्याची तपासणी

रात्री सगळं जुळलं तरी कव्हरचे स्क्रू लावू नका. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना, रूळ न पुसता पहिल्या स्टेपवर एक मीटर चालवा आणि वेळ लिहा. मग वीस मिनिटं आठ-दहा डब्यांचा रेक ओढवून तीच मोजणी पुन्हा करा. दोन वेळांत दहा-पंधरा सेकंदांचा फरक चालेल. गार असताना हललंच नाही तर सीव्ही २ एकाने वाढवा, त्याहून जास्त नाही. गरम झाल्यावर वेळ अर्ध्यावर आली तर बेअरिंगचं तेल आणि वर्मचं ग्रीस पुन्हा पाहा.

शेवटचे आकडे, तारीख आणि इंजिनाचा पत्ता बारीक कागदावर लिहून कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोटर आणि गिअरपासून लांब.